दुखण्याच्या घरातलं मांजर

या वेळच्या पत्रांत आणि व्हॉट्सॲप मेसेजमध्ये मांजरांबद्दलचे प्रश्न खूप होते आणि विचारणारे बहुतेक जण स्वतः आजारी, नाहीतर घरात कुणाचं तरी लांबलेलं दुखणं. म्हणून आजची सगळी जागा त्यांनाच दिली. एक आधीच सांगते, मी जनावरांची डॉक्टर. माणसाच्या औषधांबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याजवळ राहते, वय ४३. मला रुमॅटॉइड संधिवात आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज थोडं स्टिरॉइड चालू आहे. सकाळी तासभर तरी बोटं वळत नाहीत. मिस्टर पहाटेच रापणीला, म्हणजे मासेमारीला, जातात, मुलगी शिकायला पुण्याला. तेव्हा आमची मनी येऊन पोटाशी बसते आणि मी तिच्या अंगावर हात ठेवून पडून राहते, तेवढाच धीर वाटतो. पण शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या अशा गोळ्या चालू असताना घरात मांजर नको. तेव्हापासून सासूबाईंचं एकच, "ह्या माजराक खंयतरी सोडून ये, तुझ्या दुखण्यात आणि भर कित्याक." येत्या रविवारी तिला बंदरावर सोडायचं ठरतंय. खरंच सोडू का?

उत्तर : नका सोडू. रविवारचं ते आधी रद्द करा आणि मग बाकीचं वाचा.

नर्सबाई बोलल्या त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच तुमच्यापर्यंत आलंय. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी पसरू शकतो, धडधाकट माणसाला त्याचा बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही पण गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे लोक यांना तो त्रास देऊ शकतो, आणि तुमची दोन्ही औषधं त्याच प्रकारातली. आता उरलेलं अर्धं. हा परजीवी मांजराच्या केसातून किंवा मांडीवर बसण्यातून येत नाही, विष्ठेतून येतो, आणि ताज्या विष्ठेतूनसुद्धा लगेच लागत नाही, त्याला तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे घाण रोजच्या रोज उचलली गेली तर धोका खूपच कमी होतो. शिवाय पहिल्यांदा लागण झाल्यावर मांजर तो साधारण १ ते ३ आठवडेच बाहेर टाकतं, जन्मभर नाही. आणि माणसाला तो अर्धकच्च्या मटणातून आणि मातीतूनही होतो, हे मात्र कुणी सांगत नाही, सगळं खापर मांजरावर.

तर मनीची घाण तुम्ही उचलायची नाही, मिस्टरांनी रापणीवरून आल्यावर उचलायची, रोज, एक दिवसही न चुकता. ती परसात जात असेल तर तिला पडवीत वाळूचा ट्रे लावून द्या, आठवड्याभरात शिकतात मांजरं. आणि परसातल्या अळवात किंवा मिरच्यांत हात घालायचा असेल तर हातमोजे घाला, कारण त्या मातीत गावातली सगळीच मांजरं जाऊन येतात. भाजी नीट धुवायची, मटण पूर्ण शिजवायचं. मनीलाही कच्चं मटण किंवा चिकनचे टाकाऊ तुकडे द्यायचे नाहीत.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापून घ्या, तुमच्या बोटांना ते जमणार नाही म्हणून तेही दुसऱ्या कुणी. पिसवांवर औषध लावा पण फक्त मांजराचंच, कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि त्याने मांजर मरतं, हे मी दर पावसाळ्यात बघते. रेबीजची लस पिल्लू ३ महिन्यांचं झालं की आणि मग दरवर्षी. तरीही ती चावली किंवा ओरखडलं, तर रक्त आलं नसलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, पूर्ण १५, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे लस मोफत मिळते. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या गोळ्यांची नावं सगळ्यात आधी सांगा, कारण अशा पेशंटला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यायचं का ते त्यांना ठरवावं लागतं. आणि पुढच्या वेळी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलात की स्पष्ट विचारा, घरात मांजर आहे, माझी टोक्सोची रक्ततपासणी करायची का. आपण घाबरून विचारतच नाही आणि मग शेजारीपाजारी निर्णय घेतात.

आता तुमच्या त्या सकाळच्या तासाबद्दल. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा एखाद दोन अंशांनी जास्त, त्यामुळे आखडलेल्या बोटांना तिची ऊब बरी वाटते हा तुमच्या मनाचा खेळ नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॉलेजच्या मुलांवर अभ्यास झाला होता, १० मिनिटं कुत्र्यामांजरांना हाताळल्यावर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. ती पोरं आजारी नव्हती, म्हणून त्यावरून मांजराने संधिवात बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घुरघुरण्याने हाडं जुळतात म्हणून जे फॉरवर्ड फिरतंय तेही माणसावर सिद्ध झालेलं नाही. पण जुन्या दुखण्याच्या माणसाला रोज दहा जण विचारतात, आता कसं वाटतंय, आणि रोज "बरं आहे" म्हणायचा किती थकवा येतो हे त्यालाच माहीत. मनी काही विचारत नाही, तिला फक्त खायला हवं असतं, आणि ते द्यायला तुम्ही उठता. ज्या दिवशी उठायचं काहीच कारण सापडत नाही त्या दिवशी हे लहान नाही हो.

वाकायला लागू नये म्हणून तिची ताटली पाटावर किंवा स्टुलावर ठेवा. सासूबाईंवर रागावू नका, त्यांना तुमचीच काळजी आहे. त्यांना शेजारी बसवून हे सगळं वाचून दाखवा आणि मनीचं संध्याकाळचं खाणं त्यांच्याकडे सोपवा. आणि बंदरावर सोडलेल्या घरच्या मांजराचं काय होतं ते मी बघितलंय, तिथली मांजरं त्याला जागा देत नाहीत, कुत्री असतात, टेम्पो असतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं गुन्हाच आहे, ते वेगळंच.

प्रश्न : मी ठाण्याला असतो. आई गेल्यापासून बाबा गुहागरच्या घरी एकटेच, वय ६८. किडनीचा आजार आहे, डायलिसिस सेंटर लांब पडतं म्हणून घरीच पोटाचं डायलिसिस करतात. फोनवर बोलतच नाहीत हल्ली. त्यांना सोबत म्हणून पर्शियन मांजराचं पिल्लू गणपतीत घेऊन जाऊन सरप्राइज द्यायचं आहे. कुठली जात चांगली?

उत्तर : सरप्राइज नको, पिल्लू नको आणि पर्शियन तर मुळीच नको. रागावू नका, तुमची तळमळ कळतेय मला.

आधी बाबांना विचारा. त्यांना मांजर हवंय का, आईला आवडायचं की त्यांना, परसात आधीच एखादं येतं का ज्याला ते गुपचूप भात घालतात. कोकणात एकट्या माणसाच्या घरी असं एखादं असतंच बहुतेक वेळा, आणि असेल तर तुमचं काम निम्मं झालं, त्यालाच लस, जंताचं औषध आणि नसबंदी करून घरात घ्या. पर्शियनचे केस रोज विंचरावे लागतात, आमच्या दमट हवेत त्याची कातडी खराब होते, चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात धाप लागते. ६८ वर्षांच्या आजारी माणसाला सोबत हवी, अजून एक पेशंट नको. आणि पिल्लू म्हणजे दिवसभर चावणं, ओरखडणं, पडद्यावर चढणं, ओरखड्यातून होणारा बार्टोनेला या जंतूचा ताप पिल्लांकडूनच जास्त येतो. १ वर्षाच्या वरचं, शांत, गावठी मांजर बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. पोटाच्या डायलिसिसची नळी मांजरांना फार आवडते, लोंबते ना ती. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, दात लागून नळीला बारीक भोक पडलं तर ते सरळ पोटात जाऊन पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला संसर्ग, होतो, असे पेशंट जगभर नोंदवले गेलेत. म्हणून डायलिसिसची खोली वेगळी, दार बंद, मांजर त्या खोलीत कधीच जाणार नाही, बॅग बदलतानाही नाही आणि रात्रीचं मशीन असेल तर रात्रभर नाही. नळ्या आणि बॅगांचे खोके झाकणाच्या पेटीत. नळीवर दाताची खूण दिसली किंवा निघालेलं पाणी गढूळ दिसलं तर वाट न बघता लगेच त्यांच्या डायलिसिस टीमला फोन करायचा. हे सगळं बाबांना रोज पाळणं जमेल का ते प्रामाणिकपणे बघा. घराला बंद होणारं दार असलेली खोलीच नसेल, तर मांजर अंगणापुरतंच राहू द्या, खळ्यात खायला घालायचं, पायरीवर बसून बोलायचं, तेही पुष्कळ असतं.

आणि बाबांना ॲडमिट करावं लागलं तर मांजर कुठे? हे आत्ता ठरवा. मी असे आजोबा बघितलेत जे मांजराला कोण बघणार म्हणून हॉस्पिटलात जायचं पुढे ढकलत राहिले. शेजारच्या एका घराशी बोलून ठेवा, किल्ली द्या, खाण्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला तुम्ही पाठवा. आणि तुमचा फोनही वाढवा, बाबा तब्येतीबद्दल बोलत नसतील पण मांजराने आज काय केलं ते विचारलंत तर बोलतील.

प्रश्न : मला दमा आहे, इन्हेलर चालू. बिनकेसांचं मांजर आणलं तर चालेल का? (चिपळूण)

उत्तर : ॲलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत एक प्रथिन असतं त्याची असते, त्यामुळे केस नसले तरी ते असतंच. आधी ॲलर्जीची टेस्ट करा. पॉझिटिव्ह आली तर घरात मांजर आणू नका, कितीही मन झालं तरी. दम्यापुढे माझा मांजरांचा लळा मी बाजूला ठेवते.

प्रश्न : मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहते, सोसायटी मांजराला नाही म्हणतेय. ऑनलाइन इमोशनल सपोर्ट ॲनिमलचं, म्हणजे मनाच्या आधारासाठी पाळलेल्या प्राण्याचं, सर्टिफिकेट मिळतं, ते काढू का?

उत्तर : पैसे घालवू नका. ती सोय अमेरिकेतल्या घरभाड्याच्या कायद्यातली आहे, तिथेही २०२१ पासून विमान कंपन्यांवरचं तसलं बंधन गेलंय. आपल्याकडे असा कायदाच नाही, त्यामुळे त्या कागदाला इथे किंमत नाही. पण सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, त्या मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहेत तरी सेक्रेटरींना दाखवायला उपयोगी पडतात. सोबत लसीचं आणि नसबंदीचं कार्ड जोडा, खिडक्यांना जाळी लावा, आणि तुमच्या डॉक्टरांकडून साध्या लेटरहेडवर चार ओळी घ्या की सोबतीचा हिला उपयोग होतो. भांडायला जाण्याआधी शेजारच्या दोन घरांना आपल्या बाजूने करा.

प्रश्न : आमचा बोका तारली आणि बांगड्याशिवाय काही खात नाही. मासेमारीबंदीच्या दिवसांत मासे महाग, मी स्वतः हृदयाची पेशंट, बाजारात जाववत नाही. सुकी मासळी दिली तर? (देवगड)

उत्तर : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हा दरवर्षी हा प्रश्न येतो. खारवलेली सुकी मासळी देऊ नका, एवढं मीठ त्याच्या किडनीला झेपत नाही. आणि खरं तर वर्षभर नुसते तारली-बांगडेही बरे नाहीत, तेलकट माशांवरच राहिलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, हात लावला तरी कळवळतं. कच्च्या माशांत काही वेळा बी-१ नष्ट करणारा घटक असतो, म्हणून शिजवूनच, काटे काढून, बिनमिठाचं. कालवणातलं नको, कांदा-लसूण मांजराला विषारी. उकडलेलं चिकन आणि अंडं हळूहळू माशात मिसळत न्या, दोनेक आठवड्यांत सवय बदलते, हट्टाने दोन दिवस पूर्ण उपाशी मात्र ठेवू नका, मांजराचं लिव्हर बिघडतं. नुसता दूधभातही पुरत नाही, मांजराला टॉरिन नावाचा पोषक घटक लागतो आणि तो मांस-माशातूनच मिळतो, नाहीतर डोळे आणि हृदय जातं. तुम्हाला बाजार होत नसेल तर सुकं कॅटफूड महिन्याचं एकदम मागवून ठेवा, त्यात टॉरिन घातलेलं असतं.

आणि तुमच्यासारख्या गोळ्यांच्या घरात अजून एक. खाली पडलेली गोळी ताबडतोब उचला. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, त्याला ताप आलाय म्हणून प्रेमाने दिलेलीही. गोळी चघळल्याचा नुसता संशय आला, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तोंड सुजलं, तर घरगुती उपाय न करता बोका आणि गोळीचं पाकीट बरोबर देऊन शेजारच्या पोराला रिक्षाने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा, तुम्ही स्वतः जिने-चढ धावू नका.