गळ आणि पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कराडचा, साखर कारखान्यातून निवृत्त. प्रीतिसंगमावर लहानपणापासून गळ टाकत आलोय. मुलगा अमेरिकेत जॉर्जियात असतो, म्हणून उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे जातो. तिथल्या लेक लेनिअरमध्ये स्ट्राइप्ड बास नावाचा पट्टेरी मासा आहे. होडीमागे ल्युअर, म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, ओढत फिरलं की तो लागतो म्हणतात. जुलैत चोचवाला प्लास्टिकचा ल्युअर लावून दुपारपर्यंत फिरलो, काठी एकदाही वाकली नाही. वेग चुकला का ल्युअर? आणि इकडे धोम धरणात हे जमेल का?

उत्तर : काका, नोकरीच्या काळात मी त्याच तळ्याकाठी राहत होतो, त्यामुळे तुमची जुलैची दुपार डोळ्यांसमोर आली. तुमचा ल्युअर चांगलाच असणार. तो माशापर्यंत पोचलाच नाही, एवढंच.

जुलैत लेनिअरचं वरचं पाणी पार कोमट होतं. मोठ्या स्ट्राइपरला (स्ट्राइप्ड बासला तिकडे असंच म्हणतात) 24-25 अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी सोसत नाही, म्हणून तो गार पाण्यात खाली उतरतो. अगदी तळाशी जावं तर तिथं प्राणवायू कमी. मग मधल्या एका थरात हे मासे गोळा होतात आणि तो थर उन्हाळ्यात चांगला दहा मीटरच्या खाली असतो. साधा चोचवाला ल्युअर बहुधा चार-पाच मीटरच बुडी मारतो. वरून तो दिवसभर फिरवला तरी खालच्याला पत्ता लागत नाही.

तेव्हा आधी फिश-फाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ब्लूबॅक हेरिंग या बारक्या माशांचे थवे शोधा. स्ट्राइपर त्यांच्याच मागे असतो. तो दिसला की ल्युअर त्याच्या किंचित वरून जाईल असा ठेवा. हा मासा वर बघून झेप घेतो, खाली वाकून सहसा खात नाही.

एवढ्या खोलीला माझी पसंती लेडकोर दोरीला. आत शिशाची तार, वरून विणलेलं कवच आणि दर 10 यार्डांवर रंग बदललेला. एक रंग सोडला की होडीच्या बेताच्या चालीत ल्युअर साधारण सव्वा ते दीड मीटर खाली जातो. तिथली माणसं खोली विचारतच नाहीत, ‘किती रंग सोडलेत?’ असं विचारतात. तुम्ही आठ रंगांपासून सुरुवात करा. टोकाला साधी पातळ दोरी आणि 2 औंसांचा, म्हणजे 55-60 ग्रॅमचा, बकटेल जिग बांधा. शिशाचं डोकं, त्यामागे हरणाच्या शेपटीचे केस आणि गळात ओवलेली रबरी शेपटी. हातात घेतला तर अगदीच सामान्य दिसतो, पाण्यात केस फुलले-मिटले की जिवंत वाटतो. डाउनरिगर असेल तर काम आणखी सोपं. पोलादी तारेवर जड गोळा सोडायचा, दोरी त्याला चिमट्यात अडकवायची, मासा लागला की ती सुटते. पण त्यासाठी लगेच पैसे घालू नका.

वेग तासाला 2 ते 3 मैल ठेवा. सरळ रेषेत मात्र जाऊ नका, नागमोडी फिरा. वळणावर बाहेरच्या बाजूचा ल्युअर वेग घेऊन वर येतो आणि आतला संथ होऊन खाली बसतो. कुठल्या काठीला ओढ लागली ते नीट बघा, त्या दिवशी माशाला काय हवंय ते तिथंच कळतं. बाहेरची वाकली तर थोडा वेग वाढवा किंवा एक रंग कमी करा. आतली वाकली तर उलट करा. मासा लागल्यावर होडी एकदम थांबवू नका. बाकीच्या दोऱ्या खाली बसतात, आणि लेनिअरच्या तळाशी बुडालेली झाडं अजून उभी आहेत.

एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. उन्हाळ्यात खोलातून ओढून काढलेला स्ट्राइपर परत सोडला तरी बहुतेक वेळा मरतो. वरचं गरम पाणीच त्याला संपवतं. म्हणून खायला हवेत तेवढे घ्या आणि होडी किनाऱ्याला लावा. पाहुण्यालाही परवाना लागतो आणि किती मासे, केवढे ठेवायचे हे नियमात असतं. दोन्ही मुलाकडून आधी बघून घ्या.

आता धोमचं. ल्युअर ओढून मासा लागतो तो उघड्या पाण्यात थव्यानं शिकार करणारा. आपल्याकडचा कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, राहू-मृगळाला ल्युअरशी देणंघेणं नाही. मरळ शिकारी खरी, पण ती काठाच्या गवतात दबा धरून बसते, तिला काठावरूनच गाठावं. शिवाय आपल्या धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्यांना विचारल्याशिवाय गळसुद्धा टाकू नये, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर विषयच नाही.

प्रश्न : जावई हा स्ट्राइपर घरी आणतात, पण रश्श्याला उग्र वास येतो. काय करावं? (मिरजेच्या एक वाचक, सध्या मुलीकडे)

उत्तर : ताई, कातडी काढल्यावर कुशीच्या मध्यावर तांबूस-काळसर मांसाची पट्टी दिसेल. ती धारदार सुरीनं पूर्ण काढून टाका, वास तिचाच. उरलेलं मांस पांढरं, घट्ट असतं आणि राहूसारखे बारीक काटे त्यात नसतात. आमसूल, हळद, मीठ लावून ठेवा आणि नेहमीचा कांदा-खोबऱ्याचा रस्सा करा. तुकडे शेवटी सोडा. फार मोठ्या माशात पारा साठलेला असू शकतो, लहान मुलांना आणि गरोदर मुलीला तो देऊ नका.

प्रश्न : या स्ट्राइपरची पिल्लं आणून कृष्णेत सोडली तर? (सांगलीचा एक विद्यार्थी)

उत्तर : नको. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा, अंडी घालायला नदीत चढणारा. 1940च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलिनात सॅन्टी-कूपरची धरणं झाली, मासे आत राहिले आणि गोड्या पाण्यातही वाढतात हे कळलं. त्याची अंडी साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. लेनिअरमध्ये ते जमत नाही, तिथं सरकारी मत्स्यबीज सोडावं लागतं. आपल्या उन्हाळी पाण्यात तो बहुधा तगणार नाही. तगला तर आपलीच बारकी मासळी खाईल. चिलापी आणि आफ्रिकी मांगूर यांनी नद्यांचं काय केलं ते आपल्या बाजारात रोज दिसतंय. तुला माशांचं वेड असेल तर वाम, शिंगाळा, महसीर यांच्या मागे लाग. मदत लागली तर पुन्हा लिही.