गूगल मॅप असताना जुनी टोपोशीट (सर्वे ऑफ इंडियाचा छापील भूनकाशा) कशाला बघायची? नदीकाठाबद्दल तिच्यातून काय कळतं?

कशाला म्हणजे? आमचं जुनं गावठाण गूगलवर नुसतं निळं दिसतं. १९८० च्या सुमाराला भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात गेलं ते. बघायचं तर धरणाआधीची एक इंचाला एक मैलवाली शीट, ४७ जे (हा शीटचा नंबर) मधली, तीच काढावी लागते.

त्यात भीमा म्हणजे ठिपक्याठिपक्यांची रुंद वाळू आणि मधनं उन्हाळ्यातली निळी धार, बास. काठानं गावं, गाडीवाटा, डिकसळच्या पुलावरनं जाणारी जुनी रेल्वे (धरणामुळं लाईन हलवली, पूल मग रस्त्याला दिला). आणि विहिरी!

विहिरींवर जरा बोलतोच. माझा आतेभाऊ कालव्याखालचा, ऊसवाला. दर लग्नात त्याचं एकच, "मामा, तुमच्याकडं होतं काय, माळ आन् बाभळी, धरणानं सोनं केलं." अण्णा, म्हणजे माझे वडील, ताटावरनं उठायचे. शेवटी मी शीटची कलर प्रिंट काढली आणि एका साखरपुड्यात पंगत उठल्या उठल्या त्याच्यापुढं पसरली. ओढ्याच्या दोन्ही अंगाला निळे बारके गोल, एकेक गोल म्हणजे विहीर. तर म्हणे कोरड्या असतील. अरे एखादी कोरडी असते, रांगच्या रांग कोण खोदतं माळावर?

बुडालेलं रान पण काढता येतं. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे १६३० फूट, आणि जुन्या शीटवर उंच्या फुटातच असतात. १६०० फुटाच्या समान उंचीच्या रेषेखालचं सगळं गेलं, वरचे ३० फूट अंदाजानं धरा. हे दाखवल्यावर गडी टीएमसीवर घसरला, ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी म्हणे. हो ना, त्यातला ६३ मृतसाठा (कालव्याला न जाणारं तळाचं पाणी), तो आमच्याच रानावर बसलाय.

बाकी शीटवर मालक कळत नाही, पीक कोणतं तेही नाही. मोजणीचं साल वेगळं, छपाईचं वेगळं, दोन्ही वाचा. गावांची नावं इंग्रजी कानाने लिहिलेली, चिडू नका. मोबदल्याच्या केससाठी मात्र शीट घेऊन जाऊ नका, तिथं भूमी अभिलेखचा गट नकाशाच लागतो.

फुकट हवं असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने अमेरिकन आर्मीचे १९५० च्या दशकातले नकाशे ऑनलाईन ठेवलेत. पण ते १:२,५०,००० चे, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, विहिरीसारखं बारीक काही त्यात मावत नाही, म्हणजे आतेभावापुढं उपयोग शून्य.