टाच बसल्याशिवाय सही करू नकोस

प्रिय,

बाबांच्या पायाला तयार स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, आजच मिळतंय तर मापाच्या स्प्लिंटसाठी थांबायचं कशाला, असं तू विचारलंस. तयार पातळ पट्टी लोंबणारा पंजा उचलते, बस्स. बाबांचा घोटा आत वळतो आणि पोटरी कडक आहे. तो जोर तिला पेलायचा नाही. माझा कल मापाच्या, जाड प्लास्टिकच्या एएफओकडे, म्हणजे घोटा-पाऊल धरणाऱ्या स्प्लिंटकडे आहे. अंतिम निर्णय ऑर्थोटिस्टचा, म्हणजे असे स्प्लिंट बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाचा, तोही बाबांना चालवून पाहिल्यावर.

माप घेताना तिथून हलू नकोस. घोट्याचा कोन गुडघा सरळ ठेवूनच तपासून घे. गुडघा वाकवला की पोटरी सैल पडते, काटकोन सहज मिळतो आणि उभं राहिल्यावर निसटतो. मग स्प्लिंटमध्ये टाच वर सरकते, पाऊल मधूनच वाकतं. कोन येतच नसेल तर दामटू नये, टाचेखाली पाचर देतात.

हातात आल्यावर आधी टाच. बाबांना बसव, गुडघा वाकव, टाच पार मागे रेट, घोट्याचा पट्टा ओढ, पोटरीचा शेवटी. आत टाचेच्या जागी लिपस्टिकचा ठिपका दे. मोज्यावर उमटला नाही तर टाच बसलेली नाही. 'सवयीनं बसेल' म्हणतील. प्लास्टिकला कसली सवय! वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या दोन बोटं खाली हवी, तिथली नस दबता कामा नये. बूट अर्धा-एक नंबर मोठा, आतला सोल काढलेला. तो बूट सोबत ने. चालताना गुडघा मागे ढकलला जातोय की पुढे कोसळतोय, तेही बघ.

पैशांचं. 'चालायला त्रास' एवढ्यावर कुठली योजना सहसा खर्चाला मंजुरी देत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहून घे: किती मीटर चालतात, कितीदा अडखळतात, पायाला स्पर्श कळतो का, तयार स्प्लिंट का चालत नाही. कोटेशनमध्ये नंतरची दुरुस्ती आणि पट्टे बदलणं धरलेलं असू दे. मंजुरीआधी पैसे भरू नकोस. आधी झालेला खर्च बऱ्याच योजना देत नाहीत. आणि स्प्लिंट मिळाल्याच्या कागदावर सही केलीस की पुढचं घासून बसवणं तुझ्या खिशातून, म्हणून टाच बसल्याशिवाय सही नाही. हट्टी म्हणतात मला. म्हणोत.

पहिल्या दिवशी तासभरच घालायचं. काढल्यावर लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर घालणं बंद, आणि त्याच दिवशी ऑर्थोटिस्टला फोन.