केमो कर्करोगाची, मग तपासणी हृदयाची का?

प्रश्न : माझ्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी लाल रंगाची केमो द्यायची आहे. तिला हृदयविकार नसतानाही डॉक्टरांनी आधी टूडी इको करून घेतला. कर्करोगाच्या औषधाने हृदय का बिघडावे? आणि ‘सिस्टिम्स बायॉलॉजी’मुळे हा धोका आधीच ओळखता येतो, असे वाचले, त्यात तथ्य किती?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लाल औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-२ या विकराला (एन्झाइमला) ते मध्येच अडवते आणि त्यामुळे डीएनए तुटतो. या विकराचा अल्फा प्रकार झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत, तर बीटा प्रकार हृदयाच्या स्नायुपेशींत आढळतो. औषध दोघांनाही धरते. शिवाय धोका एकूण मात्रेबरोबर वाढत जातो, म्हणून डॉक्टर प्रत्येक सायकलचा हिशेब ठेवतात.

स्तनाच्या काही कर्करोगांत दिले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब हे दुसरे औषध गाठीच्या वाढीला चालना देणाऱ्या हर-२ या प्रथिनाला रोखते. पण ताण सोसून सावरण्याचा संदेश हृदयालाही त्याच प्रथिनामार्फत मिळत असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉक्सोरुबिसिनच्या गटातील औषधासोबत ते दिले, तेव्हा हृदयाचे कार्य बिघडण्याचे प्रमाण ८ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. एकाने इजा करायची आणि दुसऱ्याने डागडुजी थांबवायची, असा हा प्रकार असावा. एकेका प्रथिनाकडे सुटे पाहून हे उलगडत नाही. म्हणून सिस्टिम्स बायॉलॉजीत औषध दिल्यावर पेशीतील हजारो जनुके आणि प्रथिने कशी बदलतात हे एकत्र मोजतात आणि त्यांच्या परस्परसंबंधांचे जाळे गणिती प्रारूपात मांडतात.

त्यासाठी लागणाऱ्या हृदयपेशी आता रुग्णाच्याच त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून घडवता येतात. काचेच्या बशीत त्या चक्क धडधडतात. २०१६ मधील अशा एका प्रयोगात, डॉक्सोरुबिसिनमुळे ज्या स्त्रियांचे हृदय बिघडले होते त्यांच्या पेशी, तेच औषध घेऊनही बचावलेल्या स्त्रियांच्या पेशींपेक्षा बशीतही अधिक नाजूक ठरल्या. मला स्वतःला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो.

तथापि या पेशी गर्भावस्थेतल्यासारख्या अपरिपक्व असतात आणि त्यांच्यावर रक्तदाबाचा भारही नसतो, त्यामुळे एखाद्या रुग्णाचे भाकीत करण्यासाठी ही पद्धत नेहमीच्या उपचारांत रुळलेली नाही. तूर्तास बहिणीच्या इकोच्या अहवालातील ‘इजेक्शन फ्रॅक्शन’चा (प्रत्येक ठोक्याला हृदय आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलते, त्याचा) आकडा जपून ठेवा, म्हणजे पुढच्या तपासण्यांशी तो ताडता येईल, आणि धाप लागली किंवा पायांवर सूज आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. केमो मात्र आपल्या मनाने थांबवू नका.