गादी सरकली, नस दबली, आता काय? कंबरदुखी आणि सायटिकावरची प्रश्नोत्तरं

कंबरदुखीवर मागे लिहिलं होतं तेव्हापासून प्रश्नांचा ढीग साठलाय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी प्रश्न न विचारता नुसता एमआरआयचा फोटो पाठवलाय. फोटो बघून मी उत्तर देत नाही. बाकीच्यांपैकी जे परत परत येतात ते इथे घेतलेत.

वय ३४, आयटीत आहे. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी फुगलेली) आणि झीज आलीये. फक्त कंबर दुखते, पाय नाही. ऑपरेशन लागेल का?

नाही. पण मला सांगा, हा एमआरआय काढायला सांगितला कुणी? आधी कोणी तुम्हाला झोपवून, पाय उचलून तपासलं का? ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३११० लोकांचे स्कॅन वेगवेगळ्या अभ्यासांतून एकत्र करून २०१५ साली पाहिले गेले, तर विशीतल्याच ३७ टक्के लोकांत झीज निघाली आणि ३० टक्क्यांत बल्ज, आणि ऐंशीच्या घरात झीज ९६ टक्के! केस पिकतात तसंच आहे हे. रिपोर्ट कपाटात ठेवा आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या.

दुखणं कंबरेचं आहे म्हणतात, मग कळ पोटरीत का येते?

कोपर दाराला आपटलं की झिणझिण्या करंगळीत येतात ना, तसंच. सायटिक नस शरीरातली सगळ्यात जाड नस, तिची मुळं कंबरेच्या मणक्यांतून निघतात आणि शेंडे पार पावलात, त्यामुळे मुळाशी डिवचलं की मेंदूला वाटतं पाय दुखतोय, यालाच सायटिका म्हणतात. गादीतला मऊ गर बाहेर आला की तो नसेला नुसता दाबत नाही, तिथे सूजही आणतो. आणि चांगली गोष्ट म्हणजे हा बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा स्वतःच हळूहळू शोषून घेतं, म्हणून बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत बराच मोकळा होतो.

किती दिवस झोपून राहू?

एक, फार तर दोन. मग उठा आणि घरातल्या घरात का होईना चाला.

सासूबाई म्हणतात पायाळू माणसाकडून कंबरेत लाथ मारून घे, उसण जाते. खरंच जाते का?

साधी उसण काही दिवसांत आपोआप उतरते, श्रेय लाथेला. सासूबाईंचा मान ठेवून हळूच पाय टेकवून घेतलात तर माझी हरकत नाही (आमच्या घरीही हा कार्यक्रम झालाय, माझा मामा पायाळू). पण कळ पायात उतरत असेल, मुंग्या असतील, तर कोणाचीही लाथ नको, कोणाचं 'कट्कन हाड बसवणं' नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

एका सेंटरमध्ये मशीनने डिस्क आत ओढतात, सहा आठवड्यांचं पॅकेज, पैसे आधी भरायचे. घेऊ का? आणि बेल्ट?

सहा आठवडे. आत्ताच वर काय लिहिलं, बहुतेकांना किती दिवसांत बरं वाटतं? मग पॅकेज तेवढ्याचंच का असतं ते तुम्हीच ओळखा. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाईस या संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय की कंबरदुखी-सायटिकाला ट्रॅक्शन (म्हणजे हेच, मशीनने कंबर ताणणं) देऊ नका, बेल्टही देऊ नका. प्रवासात बेल्टने धीर येत असेल तर बांधा, पण दिवसभर नको. 'नसांच्या गोळ्या' म्हणून प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन सर्रास देतात, सायटिकात त्यांचाही फायदा दिसलेला नाही, पण चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारून कमी करा.

आईला (५८) महिनाभर सायटिका आहे. दोन दिवसांपासून दोन्ही पायांत मुंग्या, बसायची जागा बधिर वाटते आणि लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, तोवर थांबू का?

यांना मी वाचल्या वाचल्या फोन केला, इथे देतेय ते बाकी सगळ्यांसाठी. नाही थांबायचं, सोमवार तर नाहीच, सकाळपण नाही. जिथे रात्री एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन दोन्ही होतं अशा मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्याच क्षणी जायचं. कंबरेच्या वरच्या भागात मज्जारज्जू संपतो आणि खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका लोंबतो, लघवी, संडास आणि मधल्या जागेची संवेदना याच्यातूनच. मोठी गादी यावर बसली की तासांचा हिशोब सुरू होतो, दबाव उशिरा काढला तर लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही. आणि लोक काय करतात? लाजतात! माझ्या एका पेशंटबाई चार दिवस गप्प बसल्या कारण सोबत मुलगा होता, त्याच्यासमोर कसं सांगायचं, आणि आज त्या दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालून लघवी काढतात. पुरुष म्हणतात प्रोस्टेट असेल, शुगर असेल. थेंब थेंब गळतेय म्हणजे होतेय ना, असं नाही, मूत्राशय तुडुंब भरून वाहतंय. घरात कोणाला सायटिका असेल तर सरळ तोंडावर विचारा: संडासनंतर धुताना हाताचा स्पर्श कळतो का? लघवी लागल्याचं कळतं का? अजून एक, चालताना चप्पल पायातून निसटते का, टाचांवर चार पावलं चालता येतात का? चप्पल निसटायला लागली तर पावलातली ताकद जातेय, तेही 'बघू पुढच्या आठवड्यात' नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

पाठ रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कणकण, वजन उतरलंय. व्यायाम कुठला करू?

कुठलाही नको. मणक्याचा टीबी आपल्याकडे होतो, दुसरंही काही असू शकतं. उद्याच डॉक्टरांकडे जा, एमआरआय लागला तर इथे मात्र टाळू नका.

गादी कुठली घेऊ? बाबा महिनाभर फळीवर झोपतायत.

ज्यावर झोप लागते ती. बाबांना आज रात्रीच फळीवरून खाली घ्या.