नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. अपघातानंतर गेली नऊ वर्षं ते व्हीलचेअरवर आहेत. वडिलांच्या एकसष्टीसाठी त्यांनी पुण्यातल्या एका हॉटेलात चौदा जणांचं टेबल राखून ठेवलं आणि तीन हजार रुपये आगाऊ भरले. दाराशी दोन पायऱ्या होत्या. भावांनी खुर्चीसकट उचलून वर घेतलं. तिथे मॅनेजर आडवा आला. शनिवारची गर्दी आहे, टेबलांमधून खुर्ची जाणार नाही, इतर गिऱ्हाइकांना त्रास होतो, हवं तर बाहेर पार्किंगच्या कडेला टेबल लावून देतो. वडील म्हणाले, घरी जाऊ. पैसे परत मिळाले नाहीत. पुढे वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपानिरोपी चालली: मालक बाहेरगावी आहेत, गणपतीनंतर बघू, दिवाळीनंतर बघू. शेवटी वीस टक्के सवलतीचं एक कूपन आलं. ‘आता सविस्तर नोटीस पाठवावी असा विचार आहे, मसुदा कसा असावा?’ असं ते विचारतात.

अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. कुणाला लिफ्ट नाही म्हणून परत पाठवलेलं असतं, कुणाला ‘पार्सल घ्या ना’ म्हटलेलं असतं. झालं ते चूक होतं हे मी पुन्हा लिहीत बसत नाही. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत मला एकच दिसते: तारीख. 27 जानेवारी 2024.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. म्हणजे तुमचा शेवटचा दिवस 27 जानेवारी 2026, मंगळवार. आदल्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, त्याआधी रविवार आणि चौथा शनिवार. तेव्हा 23 तारखेचा शुक्रवार हीच तुमची मुदत समजा. हे मी डिसेंबरचा तिसरा आठवडा संपताना लिहिते आहे. नोटिशीचा मसुदा, तिला पंधरा दिवसांची मुदत, मग उत्तराची वाट, हे सगळं करायला तुमच्याकडे वेळ उरलेला नाही. तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे अशी अट ग्राहक कायद्यात नाही. नोटीस दिल्याने किंवा समोरच्याने ‘बघू’ म्हटल्याने मुदत पुढेही सरकत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाला आहे, पण त्याला पुरेसं कारण लागतं आणि ते कारण आदेशात नोंदवावं लागतं. ‘मॅनेजर दिवाळीनंतर बघतो म्हणाला’ हे पुरेसं कारण आहे असं मी तरी कुठल्याच आयोगासमोर शपथेवर म्हणणार नाही.

जवळजवळ दोन वर्षं तुम्ही काय केलंत हे विचारायचा मला हक्क नाही, पण चिडचीड होतेच. त्याच आठवड्यात एक साधं पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं असतं, ‘27 तारखेचं दाराजवळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा’ एवढंच लिहून, तर आज फार फरक पडला असता. आता ते चित्रण नाही असंच धरून चला. फोन बदलताना व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं बोलणंही गेलं, असं तुम्ही एका ओळीत सांगून मोकळे झालात. भावांच्या फोनवर काही उरलं असेल तर आजच शोधा.

सुदैवाने सगळ्यात महत्त्वाचा कागद बँकेकडे आहे. कायद्याने ग्राहक ठरायला सेवेचा मोबदला दिलेला किंवा देण्याचं कबूल केलेलं असावं लागतं. नुसतं दाराशी जाऊन परत फिरलेल्याला हॉटेलचा वकील पहिल्या तारखेलाच म्हणतो, ‘हे आमचे ग्राहकच नव्हते.’ तुमच्याबाबतीत तीन हजार रुपये गेलेत, त्यामुळे ही पळवाट बंद. फक्त एक गोम आहे: पैसे मेव्हण्यांच्या खात्यातून गेले. तेव्हा त्यांनाही तुमच्याबरोबर तक्रारदार करा, आणि त्या दिवसाच्या नोंदीसह खात्याचा उतारा बँकेकडून शिक्क्यानिशी घ्या.

तक्रार पुण्यात नव्हे, साताऱ्यातच करा. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, ही 2019 च्या कायद्याने केलेली मोठी सोय आहे. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करा आणि पोहोच छापून ठेवा. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, म्हणून पाटीवरचं नाव टाकू नका. त्या नावाची कंपनी किंवा भागीदारी असेलच असं नाही. खाण्याच्या अ‍ॅपवर हॉटेलच्या पानाच्या तळाशी चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक असतो, त्यावरून परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळतं. चुकीच्या नावावर गेलेली तक्रार दुरुस्त करण्यात वर्ष गेलेलं मी पाहिलंय.

आता तक्रार कशाची? पत्रात तुम्ही तीन परिच्छेद रॅम्पवर लिहिलेत. तिथे थोडा हात आखडा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 खाली लोकांच्या वापराच्या जुन्या इमारती सुगम करायला पाच वर्षं होती, ती जून 2022 मध्ये संपली. सेवा देणाऱ्यांना दोनच वर्षं होती. हॉटेल खाजगी असलं तरी लोकांच्या वापराची इमारत आहेच. पण ज्या नियमाने मापं ठरवली होती तो नियम 15 सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये, मापं सक्तीची नसून सल्ल्यासारखी आहेत म्हणून, रद्द ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं. दिव्यांगांच्या बाजूचा निकाल, पण समोरचा वकील त्याचाच आडोसा घेणार. शिवाय तुमच्या दोन पायऱ्या मिळून फूटभर उंची धरली तर 1:12 च्या प्रमाणाने बारा फुटांचा उतार लागतो. ‘एक फळी टाकली असती तरी चाललं असतं’ हे वाक्य काढून टाका. तशी फळी घसरगुंडी होते, आणि पुण्याच्या रस्त्यावर बारा फूट आणायचे कुठून यावर ते दोन तारखा खातील.

मुद्दा असा की त्या पायऱ्या तुम्ही ओलांडल्या होत्या. तुम्हाला माणसाने अडवलं. दोन टेबलं हातभर सरकवायची, एवढंच करायचं होतं. दिव्यांग कायद्यात त्याला वाजवी सोय म्हणतात, आणि ती नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच आहे. तक्रार त्या नकाराची करा: टेबल राखून, पैसे घेऊन, ऐनवेळी आत न घेणं ही सेवेतली त्रुटी. सोबत आलेल्या तेरा जणांची शपथपत्रं लागणार नाहीत. वडील आणि दोन भाऊ पुरे. वडिलांच्या शपथपत्रात मॅनेजरचे शब्द जसेच्या तसे येऊ द्या, वकिली भाषेत घासूनपुसून नकोत.

फौजदारीबद्दलही तुम्ही विचारलंय. लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला तर दिव्यांग कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे, आणि त्याला ही दोन वर्षांची अट नाही. पण अपमान करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. ‘इतर गिऱ्हाइकांना त्रास होतो’ यात हेतू दिसेल किंवा उद्धटपणाच दिसेल. खात्री देणार नाही. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज जरूर करा, मात्र तिथून शिफारस मिळते आणि शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. ग्राहक तक्रारीची मुदत त्या अर्जाने थांबत नाही, हे पुन्हा सांगते.

किती मिळेल? सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये विमानातून उतरवलेल्या एका दिव्यांग प्रवासी महिलेला दहा लाख देवविले. घटना 2012 ची. जिल्हा आयोगाकडून तेवढ्याची आशा धरू नका. कायदा म्हणतो, सामनेवाल्यांना आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तक्रार निकाली काढावी. आमच्याकडे तीन महिन्यांत कधी कधी नोटीसच बजावून होत नाही. एक मात्र घड्याळ तुमच्या बाजूचं आहे: सामनेवाल्यांनी आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत लेखी म्हणणं दिलं पाहिजे, त्यापुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही. सेहेचाळिसावा दिवस डायरीत लिहून ठेवा.

सुनावणी व्हिडिओवरून घ्या असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. एका जिल्ह्यात आयोगाचं दालन पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद होती; माझ्या अशिलाला दोन शिपायांनी आणि सामनेवाल्यांच्या वकिलांनी मिळून वर नेलं. त्या वकिलांनी मग आत जाऊन सेवेत त्रुटी नव्हती यावर चाळीस मिनिटं युक्तिवाद केला.

आणि ते कूपन. वापरलं नसेल तर तसंच राहू द्या, नाहीतर प्रकरण आपसात मिटलं होतं असं ते म्हणतील. वापरलं असेल, तर वकालतनाम्यावर सही करायच्या आधी तुमच्या वकिलांना सांगा.