नववीतल्या मुलीला स्वसंरक्षणासाठी मर्दानी खेळ लावावेत की कराटे? लाठी-पट्टा रस्त्यात खरंच कामाला येतो का? आणि शिस्त लागते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "लाठी-पट्टा म्हणजे शिवजयंतीच्या मिरवणुकीत बघायचा प्रकार वाटतो." हेच वाक्य आमचे दाजी कित्येक वर्षं मला ऐकवत आलेत, म्हणून लिहायला बसले. नाहीतर कराटे की मर्दानी खेळ याचं उत्तर एका ओळीचं आहे: घराजवळ जो शिकवणारा चांगला असेल त्याच्याकडे घाला.

मी कोल्हापूरची. आमच्या पेठेतल्या तालमीत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, पण मागच्या पटांगणात वस्ताद लाठी शिकवायचे, तिथं आम्हा चार-पाच पोरींना त्यांनी घेतलं. घेतलं म्हणजे काय, बरेच दिवस काठीला हात लावू दिला नाही. नुसते पवित्रे. पुढं, मागं, तिरकं, गर्रकन वळून परत जागेवर. गुडघे वाकलेले, नजर समोरच्याच्या छातीवर. चुकून स्वतःच्या पायाकडं बघितलं की वस्ताद ओरडायचे, "पाय काय पळून चाललेत व्हय?" आई विचारायची, "काय शिकतीस गं तिथं?" मी सांगायचे, "चालायला."

मग कानाएवढी काठी मिळाली. एका हातानं, दोन्ही हातांनी, डोक्यावरून. मनगटं अशी भरून यायची की रात्री भाकरीचा तुकडा मोडवत नसे. त्यानंतर फरी-गदका, म्हणजे छोटी ढाल आणि तलवारीऐवजी धरायची काठी, आणि पट्टा, म्हणजे लांब पात्याचा दांडपट्टा, फार उशिरा. पट्ट्याची मूठ खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणाच्या आत असते. हात आत गेला की मनगट अडकतं, त्यामुळं तलवारीसारखा मनगटातून वार काढताच येत नाही. तो खांद्यातून आणि कमरेतून काढायचा, आणि कमर फिरायची तर पाय आधी फिरावे लागतात. पाऊल चुकलं तर ते लवचीक पातं स्वतःच्याच पोटरीवर येतं. पवित्रे इतके का घोटून घेतले ते तेव्हा डोक्यात शिरलं.

आता तो प्रसंग, ज्यावरून दाजींचं नि माझं वाजलं. कॉलेजात होते. दिवेलागणीला रंकाळ्याकडून एकटी घरी येत होते. मोटरसायकलवरून दोघं मागून आले आणि मागं बसलेल्यानं माझ्या खांद्यावरच्या पिशवीला हात घातला. गाडीचा आवाज जरा जास्तच जवळ आला तेव्हाच माझं पाऊल तिरकं मागं गेलं होतं, अंग वळलं होतं. त्याच्या हाताला पिशवीचा बंद नुसता चाटून गेला. तो स्वतःच तोल जाऊन पुढच्याच्या पाठीवर आदळला, गाडी हेलपाटली आणि दोघं पळाले. मग मी बोंब ठोकली, पानपट्टीवाले धावत आले. एवढंच. मी कुणाला बोटही लावलं नाही.

दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मारलं नाहीसच! काठी घरी, पट्टा घरी. जिवा महालानं 1659 साली सय्यद बंडाचा हात उडवला, मान्य. तू काय पट्टा घेऊन बाजारात जाणार?" अहो, काठी घरी होती, पाय तर बरोबरच होते ना! पण ते ऐकतील तर दाजी कसले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं, हे सांगितलं तर म्हणाले, "बघ, म्हणजे प्रात्यक्षिकच!" 2024 साली सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर केलं तेव्हा पहिला मेसेज त्यांना टाकला. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

त्यांचा मुलगा कराटेला. कमरेला पट्टे एकामागून एक: पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा. दर परीक्षेला फी, प्रमाणपत्र आणि स्टेटसला फोटो. गल्लीतलं कुत्रं भुंकलं की स्वारी आईच्या मागं. यात कराटेचा दोष नाही. कराटे जिथलं, त्या जपानमधल्या ओकिनावातले जुने गुरू एकेक काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, वर्षानुवर्षं घोटून घेत, आणि हे रंगीत पट्टे तर मुळात ज्युदोकडून आलेले. दोष दुकानदारीचा. सहा महिन्यांत तीन पट्टे देणारा क्लास असेल तर पैसे वाचवा. तसंच, महिन्याभरात मुलीला मिरवणुकीत उभी करून डोळे बांधून लिंबू छाटायला लावणारा आखाडा असेल तर तिथूनही मागं फिरा. दाजींचं तेवढं खरं आहे, पण हे त्यांना सांगू नका.

शिस्तीचं म्हणाल तर आम्हाला त्यावर कधी कुणी भाषण दिलं नाही. पटांगण झाडायचं, काठी ओलांडायची नाही, उशीर झाला तर बाहेर उभं राहून बघायचं. बाहेर कुणावर हात टाकल्याचं कळलं तर वस्ताद दुसऱ्या दिवसापासून काठी देत नसत. त्यामुळं आम्ही भांडणात बऱ्यापैकी थंड राहायला शिकलो. दाजींशी सोडून.

हां, एक राहिलं. कुणी अंगाला झोंबलं, मागून मिठी मारली, केस धरले, तर सुटायचं कसं हे मर्दानी खेळात फारसं येत नाही. त्यासाठी कुस्ती किंवा ज्युदो बरा. पडायचं कसं हेही तिथंच शिकतात. चाकू दिसला तर पिशवी देऊन टाकायची आणि पळायचं, मग 112. काठी चालवता येते म्हणून चेनचोराच्या मागं धावू नका. कायद्यानं स्वतःचा बचाव करायचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 त्याचीच, पण गरजेपुरताच. पडलेल्या माणसाला आणखी दोन घालणं बचावात बसत नाही. आणि मुलीला विचारलंत का? बळेच घातलेली पोरं पवित्र्यांतच कंटाळून निघून जातात, आमच्यातल्या दोघी गेल्या.

दाजी हे वाचणार, मला ठाऊक आहे. घरी गदके दोन आहेत, फऱ्याही दोन. दसऱ्याला जेवायला याल तेव्हा जेवायच्या आधी अंगणात या.